चुन्याचं बोट

सौसरच्या चहूकडच्या गावांत एके काळी दाराची चौकट पाहिली की कळायचं, या घरी निरोप पोचला आहे. चौकटीच्या उजव्या अंगाला, उभ्या माणसाच्या छातीइतक्या उंचीवर, चुन्याचं एक बोट ओढलेलं असे. वरून खाली, एकच. ते बोट शालिकरामचं.

शालिकरामचा बाप गावाचा निरोप्या होता. घुंगरांची काठी घेऊन तो पाटलाचा सांगावा न्यायचा, मेलेल्याची खबर न्यायचा, आणि बदल्यात शिळ्या भाकरी पदरात बांधून आणायचा. बाप गेला त्या वर्षी शालिकरामने काठीचे घुंगरू सोडून नदीत टाकले आणि काठी चुलीत घातली. पाय मात्र त्याने बापाचेच घेतले. लांब, सडपातळ, न थकणारे. त्या पायांनी तो आता आपल्या माणसांचा निरोप नेऊ लागला. विहारात वंदना आहे, भन्तेजी येणार आहेत, अमक्याच्या पोरीचं लग्न आहे, तमक्याच्या बापाचं पुण्यानुमोदन आहे. सौसरहून बोरगाव, मोहगाव, आणि उन्हाळ्यात पार पांढुर्ण्याच्या अंगाच्या वस्त्यांपर्यंत. पुढे सायकल आली, पण गावात शिरताना तो उतरून पायीच चालायचा. सायकलवरून सांगितलेला निरोप कानावरून जातो, कानात जात नाही, असं त्याचं म्हणणं.

त्याच्याकडे डफडं नव्हतं, भोंगा नव्हता. आवाज होता, आणि कमरेला पितळेची चुन्याची डबी होती. शिकलेली माणसं थोडी होती तेव्हा त्यानेच ही रीत बसवली. अंगणात उभं राहून निरोप सांगायचा. मग थांबायचं. घरातून कोणा जाणत्या माणसाने "आयकलं" म्हटलं, तरच चौकटीला बोट लावायचं. लेकराचं "आयकलं" चालायचं नाही. घर बंद असलं तर पुन्हा फेरी मारायची. बोट नाही म्हणजे निरोप नाही, आणि बोट आहे म्हणजे त्यात फरक नाही.

या चोखपणामुळे पुढे इतर लोकही त्याला बोलावू लागले. नत्थूजी पाटलांच्या संत्र्याच्या बगीच्यात भागवत सप्ताह असला की सांगावा शालिकरामचा. सुरुवातीला त्या घरांत त्याचं बोट चौकटीला चालत नसे, कुंपणाच्या खांबाला लावावं लागे. शालिकराम खांबाला लावायचा आणि पुढे जायचा. दहाएक वर्षांनी एका आषाढात त्याच घरची देवकाबाई पाटलीण स्वतःच म्हणाली, "खांबावरचं पावसानं धुतलं जाते बावा, चौकटीलेच लाव." त्याने चौकटीला बोट लावलं आणि तो पुढे गेला. पण त्या दिवशी घरी आल्यावर त्याने मालतीला, आपल्या बायकोला, दोनदा चहा करायला लावला.

अशी तीस वर्षं गेली.

शहाऐंशी सालच्या दसऱ्याला आठ दिवस होते. कापसाची बोंडं फुटू लागली होती, ऊन असं पडत होतं की पायाखालची माती पायताणातून लागायची. अशा एका सकाळी विहार समितीचे भगवंतराव गुरुजी शालिकरामच्या ओट्यावर येऊन बसले. शालिकराम भाकरीवर ठेचा घेऊन जेवत होता.

"जय भीम. जेवा, जेवा. मी काही घाईनं नाही आलो," गुरुजी म्हणाले आणि घाईघाईने खिशातून कागद काढला. "दसऱ्याच्या दोन दिस आधी विहारात कार्यक्रम हाये. तुमचा सत्कार. शाल, नारळ, मानपत्र."

"माहा? मी काय केलं जी?"

"काय केलं विचारून राहिले. आयका." गुरुजींनी चष्मा लावला आणि मानपत्र वाचलं. आयुष्यभर धम्माचा सांगावा पोचवणारे, ऊन नाही पाहिलं, पाऊस नाही पाहिला, असं बरंच होतं. शेवटची ओळ त्यांनी हळू वाचली. ती त्यांना फार आवडलेली दिसत होती. "या तीस वर्षांत त्यांच्या पायांतून एकही घर सुटलं नाही."

शालिकरामचा घास हातातच राहिला.

"ते शेवटची ओळ काढा, गुरुजी."

"कायले?"

"काढा म्हणतो तर काढा."

गुरुजी हसले. "पाहा मालतीबाई, लाजून राहिले. अहो, तेच ओळ तर खरी हाये. ते काढली तर मंग मानपत्रात राह्यलं काय?" आणि उठता उठता म्हणाले, "आता एक अडचण हाये. या कार्यक्रमाचा निरोप कोण देईल? घरं तर तुमालेच माहीत."

मालती चुलीजवळून बोलली, "म्हणजे नवरदेवानं आपलीच पत्रिका वाटाची."

गुरुजी हसले. शालिकराम हसला नाही. त्याने हात धुतले, डबीत चुना भरला.

त्या ओळीत काय होतं ते फक्त त्यालाच माहीत होतं.

छप्पन सालची गोष्ट. तेव्हा तो सव्वीस वर्षांचा. नागपूरला दीक्षा होणार, ही बातमी आली तेव्हा सांगावा न्यायचं काम पहिल्यांदा त्याच्याकडे आलं. निरोप ठरलेला होता आणि तो त्याने घोकून पाठ केला होता. पांढरे कपडे धुऊन ठेवा. दोन दिवसांची भाकर बांधा. लेकरंबाळं संग घ्या. छोट्या गाडीनं निघायचं हाये. नागपूरले जायचं हाये, आता मागं पाहाचं नाही.

तीन दिवसांत त्याने सगळी गावं केली. उरली ती नदीपल्याडची टोली, तीन घरांची. त्यातल्या एका घरात यमुनाबाई नावाची म्हातारी एकटी राहायची. पाठीतून वाकलेली, उभी राहिली तरी डोकं कोणाच्या कमरेला लागावं एवढी. कापूस वेचून तिने पांढरं लुगडं घेऊन ठेवलं होतं. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची, निरोप आला की जाईन. आधी गेलं अन् दिवस चुकला तर? निरोप येईल, शालिकराम आणेल.

त्या दिवशी परतीचा पाऊस झाला होता. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून. शालिकराम अलीकडच्या काठावर भर दुपारी उभा राहिला. पल्याड करवंदीच्या जाळीवर पांढरं लुगडं वाळत घातलेलं त्याला दिसलं. त्याने एक हाक दिली. पाण्याच्या आवाजात ती गेली. संध्याकाळपर्यंत थांबला असता तर पाणी उतरलं असतं, हे त्याला कळत होतं. पण अंग तापलं होतं, पाय भरून आले होते, आणि छोटी गाडी, नागपूरची ती अरुंद रुळांची आगगाडी, दुसऱ्या दिवशी होती. काठावर एक उभा दगड होता, शिवेचा. त्याने डबी उघडली आणि त्या दगडाला बोट लावलं.

सौसरला येऊन सांगितलं, "टोलीवर पोचलं."

टोलीतली दोन घरं बाहेर मजुरीला होती, ती कुठूनतरी कळून तिकडूनच नागपूरला गेली. यमुनाबाई गेली नाही. तिच्या चौकटीला बोट नव्हतं. लोक नागपूरहून आले तेव्हा ती दारात बसून होती. विचारत होती, दिवस कोणता ठरला. त्याच थंडीत ती गेली. न नेसलेलं पांढरं लुगडं तिच्यावर घातलं. आणि तिच्या मरणाची खबर गावोगाव द्यायला शालिकरामच निघाला. प्रत्येक घरातून "आयकलं" आलं. प्रत्येक "आयकलं" त्याला पाठीत लागलं.

नंतर टोली उठली. शालिकरामने ती वाट सोडली. तीस वर्षं तो त्या नदीला पुलावरूनच ओलांडत आला, दोन कोस लांब पडलं तरी.

आता सत्काराच्या निरोपाची फेरी. तो आधी बोरगावला गेला. पहिल्याच अंगणात उभा राहिला, घसा साफ केला, आणि थांबला. चौकटीला बोट लागलेलं होतं.

घरातून प्रमिला सूप घेऊन बाहेर आली. लग्न होऊन आलेली ही सून आता दोन लेकरांची आई होती, पण शालिकरामला ती बापासारखं मानायची. "या काका. पुन्हा आले?"

"पुन्हा?"

"कालच तर लागलं बोट."

"कोनं लावलं?"

प्रमिलाने सूप खाली ठेवलं. "तुमी नाही? मी मागं होतो, गाईजवळ. कानावर आवाज आला, मी म्हटलं आयकलं. आवाज बारीक वाटला जरासा. मी म्हटलं काकांचा घसा बसला असन."

शालिकराम चौकटीजवळ गेला. बोट त्याच्या उंचीवर नव्हतं. खाली होतं, त्याच्या मांडीजवळ. एकच, वरून खाली, जसं तो ओढायचा तसं. पण बारीक, हाडकुळ्या बोटाचं. त्याने हात लावला. चुना उन्हात घटकाभरात सुकतो, पापडासारखा उठतो. हा कालचा चुना अजून ओला होता. त्याच्या बोटाला लागला.

"लेकरांनी केलं असन," तो म्हणाला.

"लेकराचं आयकलं चालत नाही, तर लेकराचं बोट कसं चालन?" प्रमिला हसून म्हणाली. तिला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं.

बोरगावात तो अठरा घरी गेला. अठराही चौकटींना बोट होतं. मांडीच्या उंचीवर. ओलं.

मोहगावला पोचेपर्यंत दुपार टळटळीत झाली होती. गल्लीत माणूस नाही, कुत्री ओट्याखाली. वाऱ्याने झाडाचं पान हलत नव्हतं. म्हाताऱ्या चिंधूच्या अंगणात कडुलिंबाखाली खाट होती आणि खाटेवर चिंधू विडी ओढत होता. तोंडाचा फटकळ, पण डोळ्यांनी चांगला.

"आले का सत्कारमूर्ती?" तो म्हणाला. "आमाले तर तुमच्या आधीच निरोप आला. आता बाई ठेवली का कामाले?"

शालिकरामने सायकल झाडाला टेकवली. "कोण बाई, चिंधूदादा?"

"मले काय माहीत. म्हातारी होती. कमरेतून अशी वाकलेली. पांढरं लुगडं, अन् ते ओलं. मी म्हटलं, माय, बस, पाणी पी. तर म्हणे, आधी पोचवतो, मंग बसतो. चौकटीले बोट लावलं. अन् जाता जाता मले विचारलं, शालिकराम कोठवर आला?"

"तुमी काय सांगतलं?"

"म्हटलं येईल. त्याच्या पायानं घर सुटत नाही." चिंधूने विडी विझवली. "ते हसली बावा. दात नव्हते तिले, पण हसणं चांगलं नव्हतं वाटत. मले भर दुपारी थंडी वाजली."

"निरोप काय सांगतला तिनं?"

"दर दसऱ्याचा, नेहमीचाच ना. पांढरे कपडे धुऊन ठेवा. दोन दिवसांची भाकर बांधा. लेकरंबाळं संग घ्या, छोट्या गाडीनं निघायचं हाये." चिंधू जरा थांबला. "अजून काही म्हणे. आता मागं पाहाचं नाही, म्हणे."

शालिकराम खाटेच्या कडेवर बसला. हा या वर्षीचा निरोप नव्हता. हा छप्पन सालचा. शब्दाला शब्द. जो निरोप तिच्या घरी कधी गेलाच नाही, तो ती घरोघर देत फिरत होती, आणि त्याची वाट पाहत होती.

तो तिथूनच परत फिरला. सायकल हातात धरून सौसरपर्यंत पायी आला. घरी जेवला नाही. मालतीने दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा पाण्याचा तांब्या आपटला, तेव्हा त्याने सगळं सांगितलं. दगड, नदी, लुगडं, आणि चौकटीवरचं ओलं बोट.

मालती बराच वेळ तवा घासत राहिली.

"तीस वर्षं एका चुलीवर जेवून राहिलो आपण," ती म्हणाली, "अन् हे मले आज सांगून राहिले?"

"कोणत्या तोंडानं सांगू?"

"ज्या तोंडानं गावाले सांगता, त्याच तोंडानं." तिने तवा पालथा घातला. "एक घर राह्यलं तर राह्यलं. कायले बसले मंग? उद्या जा अन् देऊन या."

"तिथं कोणी नाही, मालती."

"कोणी नाही तर बोट कोण लावून राहिलं?"

शालिकरामने डबी काढली आणि ताजा चुना भरून ठेवला.

दुसऱ्या दिवशी तो त्या वाटेने निघाला. वाट गवताने बुजली होती, पण पायांना ती आठवत होती. काठावर तो आला तेव्हा सूर्य अगदी डोक्यावर होता, आणि त्याची सावली पायांत गोळा झाली होती. शिवेचा दगड उभाच होता. तीस पावसाळे त्याच्यावरून गेले होते, शेवाळ चढून वाळलं होतं. आणि त्या काळ्या शेवाळावर, छातीइतक्या उंचीवर, चुन्याचं बोट होतं. पांढरंशुभ्र. त्याचंच. त्याने हात लावला नाही.

नदीत पाणी पोटरीएवढं होतं. पल्याड जाळीवर लुगडं वाळत घातलेलं होतं.

तो पाण्यात उतरला. अर्ध्यावर त्याच्या ध्यानात आलं की पाण्याचा आवाज येत नाही. पाणी वाहत होतं, पायांना लागत होतं, पण आवाज नव्हता. पाखरूही बोलत नव्हतं. तो चालत राहिला. जाळीजवळून जाताना त्याने मान वळवली नाही. लुगड्यातून पाणी टपटपत होतं ते त्याला डोळ्याच्या कोपऱ्यातून दिसलं.

टोलीच्या जागी जोत्यांचे दगड होते, एक फुटकी चूल होती, आणि एकच चौकट उभी होती. भिंत नाही, छप्पर नाही, नुसती सागाची चौकट. अलीकडे गवत, पलीकडे गवत. उंबरा मात्र झिजून गुळगुळीत होता, त्यावर धूळ नव्हती.

शालिकराम अंगण होतं तिथं उभा राहिला. हात जोडले.

"जय भीम, यमुनामाय. सांगावा हाये. पांढरे कपडे धुऊन ठेवा. दोन दिवसांची भाकर बांधा. लेकरंबाळं संग घ्या. छोट्या गाडीनं निघायचं हाये. नागपूरले जायचं हाये, आता मागं पाहाचं नाही."

तो थांबला, तीस वर्षं प्रत्येक अंगणात थांबायचा तसा. जबाब आला नाही. ऊन गवतावर पडून होतं. त्याने निरोप पुन्हा सांगितला. पुन्हा काही नाही. रीत त्याचीच होती, जबाबाशिवाय बोट नाही, आणि इथून तो फसवून निघणार नव्हता. तो उभा राहिला. मानेवरून घाम उतरला. मग त्याच्या लक्षात आलं की निरोपात एक गोष्ट सांगायची राहिली आहे.

"मी आलो नव्हतो, माय," तो म्हणाला. "पाणी होतं, पण थांबता आलं असतं. मी दगडाले बोट लावलं अन् लोकांले खोटं सांगतलं. तुझं जाणं माह्यामुळं राह्यलं."

"आयकलं."

आवाज मोठा नव्हता. उंबऱ्याजवळून आला, खालून, कोणी दारात बसून बोलावं तसा. त्याने उंबऱ्याकडे पाहिलं. तिथं कोणी नव्हतं. त्याने डबी उघडली, गुडघे टेकले, आणि चौकटीला खाली, मांडीच्या उंचीवर, बोट ओढलं. त्याचा हात लाकडाला लागला तेव्हा ते लाकूड बर्फासारखं गार होतं.

परत येताना नदीचा आवाज येत होता. जाळीवर लुगडं नव्हतं, पण पानं ओली होती. दगडावर बोट नव्हतं.

फेरीतली उरलेली घरं त्याने परतल्यावर केली, आणि सत्काराच्या संध्याकाळी विहार भरलं होतं. बोरगावची प्रमिला होती, मोहगावचा चिंधू पुढेच बसला होता, नत्थूजी पाटील बगीच्यातली संत्री पोत्यात घालून घेऊन आले होते. भगवंतराव गुरुजींनी मानपत्र वाचायला घेतलं आणि ते त्या ओळीवर आले, तसा शालिकराम उठला.

"ते ओळ खोटी हाये," तो म्हणाला. माईकची त्याला गरज नव्हती. त्याने दगडाची गोष्ट सांगितली, लाज न लपवता. टोलीवरच्या चौकटीजवळ जे झालं ते त्याने सांगितलं नाही. शेवटी म्हणाला, "एक घर सुटलं. जिचं सुटलं तिनं वाट पाहून जीव सोडला. शाल मले देऊ नका."

गुरुजींनी कागद खाली घेतला.

मग चिंधू बोलला. "तुमाले नोका देऊ, बरोबर हाये. पण शाल आता कोणी वापस नेत नसते." तो थांबला, आणि त्याचा फटकळ आवाज खाली आला. "तिलेच द्या. लुगडं ओलं होतं तिचं. मी पाह्यलं. थंडी वाजत असन."

बायकांच्या रांगेतून प्रमिला हळूच म्हणाली, "आमच्याही चौकटीले तिचंच बोट हाये."

एकेक करून कळत गेलं. प्रत्येक घरी ते खालचं बोट होतं, आणि इतके दिवस कोणाच्याही घरी ते सुकलं नव्हतं. कोणी घाबरलं असं म्हणता येणार नाही, पण बायकांनी लेकरं जवळ ओढून घेतली. गुरुजींनी खिशातून पेन काढलं, शेवटची ओळ खोडली आणि तिच्याखाली नवी लिहिली, यमुनाबाईच्या नावाची. मग शाल शालिकरामच्या खांद्यावर न टाकता त्याच्या दोन्ही हातांवर ठेवली, निरोप हातात द्यावा तशी.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी, नागपूरला दीक्षाभूमीवर निघायच्या घाईत, मालतीने दार लावायला घेतलं आणि ती थबकली. निरोप्याच्या स्वतःच्या घराला कोण निरोप देणार? त्यांच्या चौकटीला कधी बोट नव्हतं. आज होतं. खाली, मांडीच्या उंचीवर.

"हे कोनं लावलं?" असं तिने विचारलं नाही. तिने नवऱ्याकडे पाहिलं.

शालिकराम अंगणात उभा होता, पांढऱ्या सदऱ्यात. तो दाराकडे तोंड करून म्हणाला, "आयकलं."

छोट्या गाडीला पाय ठेवायला जागा नव्हती. लाकडी बाकांवर माणसं, मधे माणसं, टोपल्यांवर लेकरं. शालिकरामने खिडकीजवळची एक जागा धरली होती आणि तिथं घडी घातलेली शाल ठेवली होती. सौसरच्या माणसांनी त्याबद्दल काही विचारलं नाही. ती अंग चोरून उभी राहिली.

सावनेरला एक पोटुशी बाई गर्दीतून आत शिरली. परगावची होती. शालीकडे बोट दाखवून तिने विचारलं, "इथं कोणी बसते का?"

शालिकरामने तोंड उघडायच्या आधीच चिंधू उठला. "माह्या जागेवर बस, बाई," तो म्हणाला. "तिथं यमुनाबाई हाये. तिले नागपूरले जायचं हाये."

ती बाई बसली. बसताना तिचा हात बाकाला लागला, आणि तिने तो ओला झालेला हात पदराला पुसला.